मोरामागच्या छायाताई

छायाताई पहिल्या दिवशी पॅकिंगच्या लाइनवर उभ्या राहिल्या आणि तासाभरात त्यांच्याविरुद्ध तक्रार आली. कॅनडातल्या वॉन शहरातल्या त्या वेअरहाऊसमध्ये मी इन्व्हेंटरीचं काम बघायचे. माझं टेबल सहाव्या लाइनच्या अगदी समोर, त्यामुळे त्या लाइनवरची भांडणं, रुसवेफुगवे आणि हरवलेले हातमोजे हे सगळं न मागता माझ्या पदरात पडायचं. हरलीन नावाची पंजाबी मुलगी माझ्याकडे आली आणि हिंदीत म्हणाली, "दीदी, वो नई आंटी मुँह से घोड़े जैसी आवाज़ निकालती है. मुझे हँसी आती है और टेप टेढ़ी लग जाती है."

मी जाऊन पाहिलं. पन्नाशीच्या एक ठेंगण्या बाई. नारिंगी सेफ्टी जाकीट, घट्ट अंबाडा, पायांत मुलाचे असावेत असे मोठे बूट. खोक्यावर टेप मारता मारता त्या मिटल्या ओठांतून हवा सोडत होत्या आणि ओठ फुरफुरत होते. मला वाटलं, बिचारीला थंडी वाजतेय.

"ताई, हीटरजवळच्या लाइनवर टाकू का तुम्हाला?"

"नको मॅडम. थंडी न्हाई. ओठ चालू ठेवलेत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं खोकं ओढलं. त्यांच्या दृष्टीने खुलासा पूर्ण झाला होता.

कॅनडात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की तो पाच मिनिटांत गाव कुठलं, कधी आलात, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली का आणि बेसमेंटमध्ये राहता की कॉन्डोत, एवढं विचारून मोकळा होतो. मी पुण्याची, म्हणजे त्याहून दोन प्रश्न जास्तच विचारते. छायाताईंनी यातलं एकही विचारलं नाही. चौथ्या दिवशी लंच ब्रेकला त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हितं कुठं मोठ्यानं आवाज केला तरी चालंल अशी जागा हाय का? आमच्या घरमालकांचं बाळ लहान हाय."

कशाचा आवाज, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आणि माझ्यासारखी बाई ते विचारायचं विसरली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्यांच्या सगळ्या सवयी तोंडाभोवती फिरायच्या. चहा कोमट झाल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. मिरचीचा ठेचा आवडायचा, पण रविवारीच. काही खाल्लं की वॉशरूममध्ये जाऊन पाच-पाच मिनिटं चुळा भरायच्या. आणि बर्फावरून चालताना त्यांचा एक हात कायम तोंडावर असायचा. डिसेंबरमध्ये पार्किंग लॉटची नुसती काच होते. आम्ही सगळे दोन्ही हात पसरून पेंग्विनसारखे चालायचो, आणि या बाई एक हात तोंडावर दाबून, दुसऱ्या हाताने गाड्यांचे आरसे धरत यायच्या.

"अहो ताई, हात सोडा, तोल जाईल," मी एकदा ओरडले.

"हात मोडला तर प्लास्टर घालतील वो," त्या तोंडावरचा हात न काढता म्हणाल्या. "पुढचं दात गेलं तर मी संपली."

त्यांना हवी असलेली जागा मला आठवडाभराने सापडली. माल चढवायच्या चौदा नंबरच्या दारावर रोज सकाळी ट्रकचा एक रिकामा ट्रेलर लागायचा आणि दुपारी दोननंतर त्यात माल भरायला सुरुवात व्हायची. मधल्या वेळात तो नुसता लोखंडी बोगदा. तिथे माणसाने जाणं नियमात बसत नव्हतं, म्हणून मी नियमाकडे पाठ करून बसले. छायाताई जेवणाचा डबा आणि एक जुनी, कोपरे झिजलेली काळी पेटी घेऊन आत गेल्या. अगदी आत, टोकाच्या भिंतीपर्यंत.

आमच्या घरी संगीत म्हणजे तंबोरा आणि डोळे मिटलेली माणसं. लग्नातला बँड ही कानावर हात ठेवायची गोष्ट. त्या दिवशी चौदा नंबरच्या दारातून जे बाहेर आलं, त्याने माझे हे सगळे शहाणपणाचे मजले एका दमात खाली आणले. ट्रंपेट होतं ते. कुठल्याशा जुन्या लग्नगीताची चाल होती, पण ती इतकी सावकाश, इतकी भरून आणि शेवटाकडे इतकी दुखरी वाजली की माझ्या हातातला स्कॅनर हातातच राहिला. फोर्कलिफ्टवाल्याने फोर्कलिफ्ट बंद केली. हरलीनच्या हातात पराठ्याचा तुकडा होता, तो तिने परत डब्यात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ये आंटी है?"

आम्ही ट्रेलरच्या दाराशी गेलो. आंटी होत्या, पण आमच्याकडे पाठ करून. भिंतीपासून वीतभर अंतरावर उभ्या राहून त्या समोरच्या लोखंडाला गाणं ऐकवत होत्या.

ती पाठ का, ते मला पुढे ब्रेकरूममध्ये तुकड्या-तुकड्यांनी कळलं, मायक्रोवेव्हची रांग सरकेल तसं. छायाताईंच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, मिरजेच्या बाजूला बँड होता. लग्नाचा बँड, लाल डगल्यांचा. अण्णांना मुलगा नव्हता. छायाताई आठ-नऊ वर्षांच्या असताना डगले टांगलेल्या खोलीत चोरून ट्रंपेट वाजवायच्या. तोंड डगल्यांत खुपसायचं, म्हणजे आवाज बाहेर जात नसे. एक दिवस अण्णांनी तो ऐकला. त्यांनी मारलं नाही की कौतुकही केलं नाही. खाली बसून त्यांनी पोरीचं तोंड हातात धरलं, दात पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे शिकवायला सुरुवात केली.

पण वरातीत बाईने ट्रंपेट वाजवायचं, हे त्या काळात कुणी खपवून घेतलं नसतं. मग अण्णांनी युक्ती काढली. त्यांच्या बँडची एक गाडी होती. वर भोंगे, आत जनरेटर, आणि पुढे प्लायवूडचा मोठा रंगवलेला मोर. त्या मोराच्या मागे, माइकसमोर, एका स्टुलावर छायाताई बसायच्या. गाडीच्या पुढे त्यांचा चुलतभाऊ दिनकर लाल डगला घालून ट्रंपेट तोंडाला लावून उभा राहायचा. दिनकर दिसायला राजबिंडा, दमात कच्चा. तो नुसते गाल फुगवायचा आणि बोटं हलवायचा. वाजवायच्या त्या. बाराव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत, दहा लग्नसराया.

"एकदा काय झालं," त्या सांगत होत्या, आणि हसू आवरत नव्हतं त्यांना, "नवरदेवाचा मामा आला आनि दिनकरच्या तोंडात पेढा कोंबला. तो बी येडा, खात बसला. मला आतनं काय दिसतंय? मी आपली तान घेतीय. लोकं म्हनाली, अरारारा, काय कलाकार हाय, पेढा खाता खाता वाजवतोय! त्या सालापास्नं आमची बुकिंगं डबल झाली."

"आणि तुमचं नाव?" मी विचारलं.

"माजं कशाला? हार दिनकरला. तो मला घरी आनून द्यायचा. लई चांगला हाय तो."

मोराच्या डोळ्याला एक भोक पाडलेलं होतं. त्यातून त्यांना मांडव दिसायचा, आणि त्या भोकातून एकच गोष्ट बघायची असायची, ती म्हणजे रुमाल. मंगलाष्टका संपत आल्या की मांडवाच्या दाराशी उभा राहिलेला माणूस रुमाल हलवतो, आणि त्या क्षणी बँड फुटला पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. छाती भरून, ओठ लावून, रुमालाची वाट बघत राहायचं. आणि एकदा सूर निघाला की काही झालं तरी थांबायचं नाही. त्या घडीला वाजंत्री मधेच थांबली तर तो अपशकुन. छायाताई म्हणाल्या की चुकून आधी वाजवल्याबद्दल शिव्या बसतात, पण मधेच थांबल्याबद्दल मार बसतो. मग बँडवाल्यांची पंगत सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या मागे. हे त्यांनी डाळीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. आमच्या घरच्या लग्नात बँडवाले कुठे जेवले होते, ते मी आठवून पाहिलं. आठवेना. मी बघितलंच नव्हतं.

बाविसाव्या वर्षी लग्न झालं आणि ट्रंपेट सुटलं. सासरी कुणाला सांगायची सोय नव्हती. मग पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांनी कणीक मळताना, धुणं धुताना, एसटीची वाट बघताना फक्त ओठ चालू ठेवले. कुणी विचारलं तर म्हणायच्या, सवय हाय. नवरा गेला, मागोमाग अण्णा गेले, आणि अण्णांच्या पश्चात ती काळी पेटी त्यांच्याकडे आली. मुलगा प्रसाद इथे शिकून नोकरीला लागला होता. त्याने आईला कायमचं बोलावून घेतलं, तेव्हा सामानातून लोणच्याच्या बरण्या काढून त्यांनी ती पेटी आत ठेवली. पंचवीस-सव्वीस वर्षं! मी दोन महिने सायकल चालवली नाही तर मला पेडल सापडत नाही.

जॅझच्या वर्गाचं एक पत्रक कम्युनिटी सेंटरच्या फळ्यावर लागलं होतं. तिकडच्याच एका कॉलेजचा संध्याकाळचा संगीतवर्ग, वर्षभराचा. जॅझच्या बँडमध्ये बहुतेक पुरुषच दिसतात, ते बदलायचं म्हणून हा वर्ग काढलाय, असं त्यात लिहिलं होतं. बायका, स्वतःला ना बाई ना पुरुष मानणारी नॉन-बायनरी माणसं, ज्यांना ज्यांना आजवर बाजूला ठेवलं गेलं त्यांनी जरूर अर्ज करावा. वयाची अट नाही, नोटेशन वाचता आलं नाही तरी चालेल, कानाने वाजवणाऱ्यांचं स्वागत. मी ते पत्रक छायाताईंना वाचून दाखवलं.

"जॅझ म्हंजे काय वो मॅडम?"

मला तरी कुठे ठाऊक होतं. मी फोनवर एक रेकॉर्डिंग लावलं आणि इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात घातलं. पूर्ण ब्रेक त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे तर आपलंच की. आदी सगळी मिळून गानं धरत्यात. मग एक जन गानं सोडून लांब जातो. बाकीची त्याची वाट बघत्यात. मग तो परत येतो." इअरफोन काढून देत त्यांनी विचारलं, "लोकं समोर बसत्यात काय ह्यात?"

"हो. स्टेजवर, लोकांसमोर."

"मंग अप्लाय करा माजं," त्या म्हणाल्या.

अर्जात एक निबंध होता. तुमच्या वाटेत स्त्री म्हणून काय अडथळे आले, ते लिहा. मला तर लॉटरीच लागली. असा मजकूर कुणाकडे असणार? मी दोन रात्री बसून दोन पानं इंग्रजी लिहिलं. त्यात अंधारी गाडी होती, गुदमरलेली कला होती, मुलीचा घाम विकणारा बाप होता. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग मी ते छायाताईंना मराठीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे कुनाचं हाय?"

"तुमचंच की, ताई."

"माजं न्हाई. माजा बाप असा नव्हता." त्यांचा आवाज चढला नाही, पण मी मान खाली घातली. "आमच्या गल्लीत बाप लोकं पोरींच्या हातात झाडू देत हुती मॅडम. माज्या बापानं ट्रंपेट दिलं. त्याला जेवडं जमलं तेवडं त्यानं केलं. त्याची बदनामी करून मला आत जायचं न्हाई. न्हाई घेतलं तर न घेऊ देत."

"पण त्यांना अडथळेच हवे आहेत."

"लिवा मंग. मी सांगतो तसं लिवा."

त्यांच्या बाजूच्या बायका बोलण्याच्या भरात अशा 'सांगतो', 'येतो' म्हणतात. त्यांनी सांगितलं आणि मी मुकाट्याने लिहिलं. माझ्या वडिलांनी मला ट्रंपेट शिकवलं. दहा वर्षं मी वरातींत वाजवलं. हजारो लोकांनी ते ऐकलं, पण मला वाजवताना कुणी बघितलेलं नाही. मला एकदा तोंड दिसेल असं वाजवायचं आहे. बस्स, चार ओळी. निबंधाला आठशे शब्दांची जागा होती.

प्रसादला हे कळलं तेव्हा तो एका संध्याकाळी आईला न्यायला आला आणि पार्किंगमध्ये माझ्यावरच घसरला. मुलगा चांगला आहे, पण घाबरलेला होता. "अनघाताई, आय ॲप्रिशिएट इट, पण बँडबिंड कशाला लिहिलं? इथे कुणाला माहीत नाहीये आम्ही कोण ते. इथल्या मराठी मंडळात लोक बोलतात हो."

छायाताई गाडीत बसल्या होत्या. काच खाली करून त्या म्हणाल्या, "हितं कुनाला म्हाईत न्हाई, म्हनूनच सांगायचं, परसाद. चल आता."

निबंधानंतर व्हिडिओ पाठवायचा होता. अट अशी की चेहरा आणि हात दोन्ही दिसले पाहिजेत आणि मधे कापाकापी चालणार नाही. आम्ही ट्रेलरमध्ये गेलो. मी फोन धरला, त्या माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि पहिला सूर लावता लावता पाय आपोआप वळून भिंतीकडे तोंड. पुन्हा तेच. सहाव्यांदा मी वैतागले. "ताई, अहो, मी काय वाघ आहे का?"

"डोळं दिसलं की दम तुटतोय," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. खाली बसल्या, ट्रंपेट मांडीवर घेतलं, आणि मला वाटलं, झालं, आता त्या नको म्हणणार. पण त्या उठल्या आणि म्हणाल्या, "एक डोळा सोसंना तर पन्नास बगू. समद्यास्नी बोलवा."

म्हणून सहावी लाइन डबे घेऊन ट्रेलरच्या दारात उभी राहिली. हरलीनने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि नीट धरला. छायाताईंनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं, आधी ओळख करून घ्यावी तसं, आणि वाजवायला लागल्या. पहिला सूर फाटला, दुसरा सावरला. तिसऱ्यापासून त्यांचा चेहरा असा झाला की मी तो आधी कधी पाहिलाच नव्हता. भुवया वर, गाल घट्ट, डोळे सताड उघडे. एवढा चेहरा त्या बाईने दहा वर्षं प्लायवूडला दाखवला होता.

ऑडिशनचं बोलावणं फेब्रुवारीत आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ. दुभाषी म्हणून मला आत बसायची परवानगी होती. खोलीत तीन परीक्षक. पियानोवर एक पांढऱ्या केसांच्या बाई, ड्रम्सवर एक थोराड गृहस्थ, आणि वर्ग चालवणारी एक तरुण व्यक्ती, पिवळा स्वेटर, एका कानात लांब डूल. त्या व्यक्तीने ओळख करून देतानाच सांगितलं की मला इंग्रजीतलं 'ही' किंवा 'शी' म्हणू नका, 'दे' हे अनेकवचन वापरा. मी ते छायाताईंना समजावून सांगायला लागले. त्यांनी अर्ध्यातच हात केला. "म्हंजे अहो-जाहो करायचं. मी कुनाला अरेतुरे करते?" प्रश्न मिटला.

ठरलं होतं असं की परीक्षकांनी आधी पाठवलेली एक धून पियानो आणि ड्रम्स सुरू करतील, थोडा वेळ वाजवतील, आणि पियानोवाल्या बाईंनी मान हलवली की छायाताईंनी यायचं. धून छायाताईंनी दोन दिवसांत बसमध्ये ऐकून ऐकून बसवली होती. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, तोंड परीक्षकांकडे. छाती भरून घेतली, ट्रंपेट ओठांना लावलं आणि थांबल्या. पियानो हळूच सुरू झाला. ड्रम्सवाल्यांना सर्दी झाली होती, थंडीच तशी होती. एका हाताने ताल धरून त्यांनी दुसऱ्या हाताने खिशातून भला मोठा पांढरा रुमाल काढला आणि झटकला.

बाई फुटल्या!

त्या एवढ्याशा खोलीत अख्ख्या मांडवाला पुरेल असा आवाज झाला. आणि धूनही ती नव्हेच. शुभमंगलाची सलामी, मिरजेकडची, पूर्ण ताकदीने. ड्रम्सवाल्यांच्या हातून रुमाल पडला आणि एक काठीही. पिवळा स्वेटर खुर्चीतच मागे सरकला. मी तोंडात मूठ घातली. छायाताईंना त्याच क्षणी कळलं होतं, त्यांच्या कपाळावर मला ते दिसलं. डोळे मोठे झाले, कानशिलं लाल झाली. दुसरं कुणी असतं तर ट्रंपेट खाली घेऊन सॉरी म्हटलं असतं. पण सूर निघाला होता, आणि निघालेला सूर थांबवायचा नसतो, हे त्या बाईच्या हाडात होतं.

मग मी जे पाहिलं, ते नीट सांगता येईल की नाही, मला शंका आहे. पियानो थांबला नव्हता. त्याची धून एकीकडे चालली होती आणि छायाताई भलत्याच गावात होत्या. त्यांनी सलामीचा शेवटचा सूर लांबवला, आणि लांबवता लांबवता त्याचा जोर काढून घेतला. मान किंचित कलती करून त्या पियानो ऐकत होत्या. एक सूर टाकून पाहिला, जुळला नाही. दुसरा टाकला. सलामीचाच एक तुकडा त्यांनी उलगडला, हळू केला, वाकवला, आणि मिरजेहून पायी निघाल्यासारख्या एकेक सूर करत त्या पियानोच्या धुनेपाशी येऊन पोचल्या. पोचल्या त्या बरोब्बर समेवर. पियानोवाल्या बाईंनी मान हलवली. ती मघाशी ठरलेली खूण होती की दाद, मला माहीत नाही. ड्रम्सवाल्यांनी काठी उचलली होती आणि आता ते सर्दी विसरून वाजवत होते. माझ्या अंगावर काटा होता. देवळात येतो तसा.

संपल्यावर पियानोवाल्या बाईंनी मला विचारलं, "त्यांना विचारा, तिकडून इथे परत कसं यायचं, हे त्यांना कुणी शिकवलं?"

मी विचारलं. छायाताई अजून घाम पुसत होत्या. "त्यास्नी सांगा, चूक झाली. रुमाल बगितला आनि चूक झाली. पन परत यायचं अण्णांनी शिकवलं."

मी तसंच सांगितलं. रुमालाची हकीकतही सांगितली, मोरासकट. ड्रम्सवाले इतके हसले की त्यांना पुन्हा रुमाल लागला, आणि तो काढण्याआधी त्यांनी छायाताईंना हात जोडून परवानगी मागितली.

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा लाइन चालू होती. मी धावत जाऊन वाचून दाखवला. "परत वाचा," त्या म्हणाल्या. मी परत वाचला. त्यांनी हातमोजे काढले, डोळे पुसले, हातमोजे घातले आणि पुढचं खोकं ओढलं. त्यानंतर त्या मला मॅडम म्हणेनाशा झाल्या. अनघा म्हणायला लागल्या, अगं म्हणायला लागल्या. ग्वेल्फला माझी नवी नोकरी ठरली ती पुढच्या वसंतात. सामान हलवण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या वर्गाचा वर्षअखेरीचा कार्यक्रम होता, आणि छायाताईंना मी शेवटचं पाहिलं ते तिथे.

कॉलेजचा छोटा हॉल होता. बाराजणांचा बँड, निम्म्याहून अधिक पोरी विशीतल्या. काळ्या साडीवर काळा स्वेटर घातलेल्या छायाताई दुसऱ्या रांगेत खुर्चीवर. प्रसाद माझ्या शेजारी बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघा हलवत. छायाताईंनी एक लांब पल्ल्याची तान घेतली, गाणं सोडून कुठल्या कुठे गेल्या आणि परत आल्या. लोकांनी गाण्याच्या मध्येच टाळ्या वाजवल्या. प्रसादचा गुडघा थांबला.

शेवटी सगळं वाजवून झाल्यावर पिवळ्या स्वेटरवाल्यांनी माइक घेतला आणि एकेकाचं नाव पुकारायला सुरुवात केली. नाव आलं की वादकाने उभं राहायचं, मान लववायची, टाळ्या घ्यायच्या आणि बसायचं. सॅक्सोफोनवाली उठली, बसली. ट्रॉम्बोनवाली उठली, बसली. मग त्यांनी ट्रंपेट म्हटलं आणि पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. ते नाव छायाताईंनीच लिहून दिलं असणार. टाळ्या सुरू झाल्या. छायाताई मात्र इकडेतिकडे बघत राहिल्या, कोण उठतंय ते बघत. शेजारच्या पोरीने त्यांना कोपराने ढोसलं. तेव्हा कुठे त्या उठल्या.

उठल्या आणि बसल्या नाहीत. मान लववली नाही, हसल्या नाहीत. पुढचं नाव पुकारलं गेलं, ती पोरगी उठली, बसली. त्याच्या पुढचं झालं. लोक जरा कुजबुजले. प्रसाद पुढे वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "आई, बस आता," आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःशीच म्हणाला, "असू दे. असू दे."

सगळी नावं झाली. टाळ्या संपल्या, हॉलमधले मोठे दिवे लागले, लोक कोट चढवायला लागले. तरी छायाताई उभ्याच होत्या, ट्रंपेट पोटाशी धरून, मान ताठ, आणि आम्हा सगळ्यांकडे तोंड करून.